दिल्लीत दिसणारा विरुपाक्ष

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, आदल्या दिवशी विरुपाक्ष उमरग्याला एसटीतून उतरला तेव्हा थोरला भाऊ शांतलिंग बैलगाडी घेऊन त्याला न्यायला आला होता. गावापर्यंतच्या वाटेत दोघा भावांचं बोलणं झालं ते मोजकंच. पाऊसपाणी झालं, जनावरं झाली, अप्पांचा गुडघा झाला. परभणीचं नाव कुणीच काढलं नाही. ह्या घराची रीतच तशी होती. आमच्या घरातली पोटातली गोष्ट ओठावर यायला एकतर येळवस लागते नाहीतर मयत, असं त्यांचे वडील चन्नबसप्पा, म्हणजे अप्पा, स्वतःच म्हणायचे.

ह्या खेपेला सगळ्यांच्या पोटात परभणी होती. तिथल्या शेतकी कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायची जागा निघाली होती, ती विरुपाक्षाला देऊ केली होती आणि त्याचं हो-नाही अजून व्हायचं होतं. शांतलिंगानं ही बातमी तालुक्याहून आणली त्या दिवसापासून आईला, सारजाबाईंना, दुसरं काही सुचत नव्हतं. दिल्ली कुठं आणि परभणी कुठं. परभणीचा माणूस सणाला येतो, दुखण्याला येतो, आईनं नुसती आठवण काढली तरी शनिवारी एसटी धरून येतो. धाकट्या लेकाला दिल्लीला जाऊन किती वर्षं झाली ते त्या मोजत नसत. पण तो गेल्यावर गोठ्यात जन्मलेली वासरं आता गाडी ओढत होती, तेवढं त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

विरुपाक्षाच्या नोकरीची गावानं आधी पुष्कळ टवाळी केली होती. निजामाच्या अमलात उर्दू शाळेत शिकलेलं, हैदराबादेत शेतकीची पदवी घेतलेलं पोरगं पुढंमागं तहसीलदार होईल असा लोकांचा अंदाज. आणि हा गेला दिल्लीला, किडींच्या प्रयोगशाळेत, ज्वारीच्या माशीच्या मागं. तिथं माशा मारायला सरकार पगार देतंय व्हय, असं पारावरची मंडळी चन्नबसप्पांना तोंडावर विचारत. चन्नबसप्पा हसून सोडून देत आणि घरी येऊन जेवत नसत.

मग टेलिव्हिजन निघालं. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सरकारनं चावडीवर पेट्या बसवल्या आणि शेतकऱ्यांना त्या पेटीतून शेतीचं सांगायचं ठरवलं. किडींचे फोटो घ्यायला ती माणसं विरुपाक्षाच्या प्रयोगशाळेत आली. बोलायला एक मोठे साहेब होते. ते इतकं छापील बोलले की दिवे धरणारा माणूस उभ्याउभ्या पेंगला. बरणी धरून बाजूला उभा असलेल्या विरुपाक्षाला कुणीतरी सहज विचारलं, ही अळी काय करते? त्यानं आपल्या दखनी वळणाच्या हिंदीत, घरातल्या एखाद्या चावट पाहुण्याबद्दल सांगावं तसं तिच्याबद्दल सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून साहेब गेले आणि विरुपाक्ष आला. प्रयोगशाळेतले वरिष्ठ म्हणाले, हा पोरखेळ आहे, तुझं संशोधन बुडेल. संशोधन थोडंफार बुडालंही. पण दर बुधवारी संध्याकाळी त्या खेड्यांतली माणसं त्याची वाट बघू लागली, आणि आपली कुणी वाट बघतं ही गोष्ट विरुपाक्षाला सोडवेना.

वाट तर इथंही बघितली जात होती. दिल्लीहून लेकाचं बोलणं ऐकू येतं एवढंच सारजाबाईंना कळलं होतं. म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी शांतलिंगाच्या रेडिओपुढं बसत. दिल्लीच्या हिंदी बातम्या लागत, त्या बाई वाचोत की बुवा. सारजाबाई डोळे मिटून ऐकत आणि मध्येच म्हणत, आवाज बसलाय त्याचा, थंडी बाधली असंल. रेडिओ निराळा आणि टेलिव्हिजन निराळं हे सून द्वारकाबाईला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही. तीही भाकरी थापायची सोडून शेजारी येऊन बसायची. शेवटी एका पाहुण्यानं शहाणपणा करून सगळं समजावून दिलं, आणि त्यानंतर बुधवारी रेडिओ लागला नाही.

येळवशीच्या दिवशी उजाडतच घर रानात गेलं. मार्गशीर्षातली अवस, शाळू कमरेच्या वर आलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले. शांतलिंगानं कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारली होती. आत चुना आणि काव लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडले होते. द्वारकाबाईनं डोक्यावरून आणलेल्या पाटीत शेंगा-पालेभाज्यांची भज्जी होती, बाजरीचे वाफवलेले उंडे होते, गव्हाची खीर होती, आणि बिंदगीत, म्हणजे छोट्या घागरीत, दोन दिवस मुरलेली आंबील. चन्नबसप्पांचा गुडघा साथ देत नव्हता म्हणून पिकावर आंबील शिंपायला शांतलिंग पुढं झाला. लिंबाच्या डहाळीनं तो शिंपत निघाला, ओलगे ओलगे सालम पलगे असा येळवशीचा घोष करत, आणि मागून बाकीचे. विरुपाक्ष सगळ्यांत शेवटी होता. दिल्लीत शिवलेली विजार त्यानं गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि तोच घोष तो हळूच म्हणत होता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

सारजाबाई कोपीपाशी बसून त्याला बघत होत्या. त्यांचा बेत पक्का होता. ह्या घरात एक नेम चालत आला होता. येळवशीला रानात, पांडवांपुढं जेवण झाल्यावर घरच्या माणसानं घरच्या माणसाकडं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. सासूबाईंनी असंच मागितलं तेव्हा चन्नबसप्पांनी विहीर खणली. खुद्द सारजाबाईंनी मागितलं तेव्हा शांतलिंगानं, दुसरीकडं मन असताना, द्वारकेला पत्करलं, आणि आता तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. आज त्या परभणी मागणार होत्या. नवऱ्याला विचारून झालं होतं. ते म्हणाले होते, माग, म्या तुज्या बाजूनं हाय. शांतलिंग म्हणाला, माग अव्वा. द्वारकाबाईनं तर भावजींची खोली सारवून ठेवली होती. सगळं घर एका बाजूला आणि विरुपाक्ष एका बाजूला, असा तो डाव होता, आणि विरुपाक्षाला त्याची गंधवार्ता नव्हती असं सारजाबाईंना वाटत होतं.

शांतलिंग मात्र शिंपत जाताना स्वतःशी हिशेब करत होता, आणि तो जुळत नव्हता. भाऊ यावा असं त्याला मनापासून वाटे. लहानपणी दोघं एका घोंगड्यात निजलेले. पण परभणीला आला म्हणजे तो दर महिन्याला येणार. बांधावरून चालत जाणार, एखादं पान उलटून बघणार आणि काही न बोलता पुढं जाणार. त्या न बोलण्याची शांतलिंगाला धास्ती होती. आजवर हे रान त्याचं होतं, पिकलं तरी आणि बुडालं तरी. गावकरी उद्या म्हणतील, थांबा, धाकट्याला विचारू. अव्वापुढं त्यानं हो म्हटलं होतं ते खोटं नव्हतं, आणि ही धास्तीही खोटी नव्हती. त्यानं आंबिलीची डहाळी जरा जोरात झटकली.

पंगत बसून वाढून झालं तेवढ्यात हनीफ आला. हनीफ शाळेत विरुपाक्षाच्या बाकावर बसायचा. आता ट्रक चालवत होता, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर रोजचं जाणं-येणं. येळवशीला तो दरसाल चन्नबसप्पांच्या रानात जेवायचा, मग ट्रकमध्ये माल कुणाचा का असेना. त्यानं विरुपाक्षाला मिठी मारली, एवढी की विरुपाक्षाचा चष्मा तिरका झाला, आणि मांडी घालून बसल्याबसल्या म्हणाला, "अप्पा, म्या बघितलं ह्याला. त्या पेटीत बघितलं."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. घरात कुणीही जे बघितलं नव्हतं ते हनीफनं बघितलं होतं.

मग त्यानं ते रंगवून सांगितलं. सोलापूरच्या चादरी घेऊन तो थेट दिल्लीला गेला होता. शहराच्या अलीकडं एका खेड्यात चाक बसलं. चावडीवर गर्दी दिसली म्हणून डोकावला, तर कपाटाएवढी पेटी आणि तिच्यात विरुपाक्ष. हनीफ ओरडला, अरे हा आमच्या गावचा, तर लोकांनी त्यालाच गप्प केलं. बायका, म्हातारे, पोरं, सगळी कान टवकारून ऐकत होती. विरुपाक्ष हसत होता, हातवारे करत होता, डोळे मिचकावत होता.

"ह्यो?" शांतलिंग म्हणाला. विरुपाक्ष खाली मान घालून उंडा कुस्करत होता.

"हाच. आणि अप्पा, तुमचं बी सांगितलं की त्यानं. येळवशीला तुमी आंबील शिंपता, ते समदं सांगितलं. लोक असे हसले म्हणता, पोट धरधरून."

हनीफला ते कौतुक वाटत होतं. दिल्लीच्या मुलखात अप्पांचं नाव निघालं, आणखी काय हवं. त्यानं भज्जीचा घास घेतला. आपण एकटेच खातोय हे दिसलं, तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं आणि घास तोंडातच फिरू लागला.

चन्नबसप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "माज्या आंबिलीवर हसले?"

विरुपाक्षानं हातातला उंडा ताटात ठेवला. दिल्लीत सांगितलेलं दिल्लीतच राहतं अशी त्याची समजूत होती. ती खेडी इतकी लांब, तिथली बोली निराळी. तिथं त्यानं अप्पांना आणलं होतं ते थट्टेसाठी नव्हे. दर बुधवारी त्या तापलेल्या दिव्यांखाली उभं राहिलं की त्याला इथलंच काहीतरी आठवायचं आणि ते बोलल्याशिवाय पुढचं सुचायचं नाही. पण लोक हसले होते हे खरं. तेही त्यानं हसवलं म्हणून हसले होते. पारावरच्या टवाळीपायी ज्या बापानं कितीदा उपाशी झोप काढली, त्याच्यावर आपण परक्या मुलखाला हसवलं, हे आत्ता त्याला उमगलं आणि त्याचे कान गरम झाले.

"तसं न्हवतं, अप्पा," एवढंच तो म्हणाला.

"कसं होतं? बोल की. तिथं जसं बोललास तसंच्या तसं बोल. आमाला बी कळू दे काय हसण्यागत हाय ते."

द्वारकाबाईनं मध्ये पडून बघितलं. आधी जेवू द्या त्यांना, खीर निवतीय, म्हणाली. चन्नबसप्पांनी तिच्याकडं बघितलंही नाही. सारजाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. जेवण झाल्यावर मागायचं होतं आणि जेवणच मध्ये मोडलं होतं. आता बापलेकाचं वाजलं तर परभणी कशाची नि काय. त्या लेकाला म्हणाल्या, बोल बाबा, आणि मोकळा हो.

विरुपाक्ष उठला. त्याला उभं कुठं राहावं ते कळेना, तेव्हा हनीफनं, आपलं पाप आपणच निस्तरावं तसं, त्याला कोपीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं. सगळे समोर बसले होते. त्यानं "भाइयों" म्हणून सुरुवात केली आणि अडखळला. आमच्या बोलीत, असं अप्पा म्हणाले. विरुपाक्षानं हात पुसले. मग बाजूच्या सरीतून हरभऱ्याचं एक झाड उपटलं, ते चाळवून त्यातला एक घाटा शोधला आणि वर धरला. घाट्यातून हिरवी अळी अर्धी बाहेर लोंबत होती.

"ही घाटेअळी," तो म्हणाला. "हिची खोड बघा. तोंड आत, बूड बाहेर. वाड्यात शिरलेल्या पाव्हण्यानं मुंडकं सैपाकघरात घालावं आणि बाकीचं अंगणातच ठेवावं, तसं. म्हणती कशी, म्या कुठं आलीय, म्या तर बाहेरच हाय की."

हनीफ फिसकन हसला. विरुपाक्षाची मान वर झाली. आणि मग काय झालं कोण जाणे, त्याचे खांदे सैल पडले, आवाज मोकळा झाला, आणि घरात आयुष्यभर हूं आणि न्हाय ह्यापलीकडं न गेलेला तो माणूस बोलायला लागला. ही अळी रात्री काय करते, एका घाट्यावर तिचं का भागत नाही, तिला कसं ओळखायचं. मग म्हणाला, म्या दहा वर्साचा असताना येळवशीला हिलाच बघत हरभऱ्यात पालथा पडलो होतो. आमचे अप्पा आंबील शिंपत आले. अप्पा शिंपताना डोळे मिटतात, कारण देवाचं काम डोळे उघडे ठेवून केलं तर देवाला लाज वाटती. त्यांनी डहाळी बुचकळली आणि समदी आंबील माज्या डोक्यावर. म्या उठून बसलो. अप्पांनी डोळे उघडले. आता बाप काय म्हणंल? लेकरा, भिजलास का म्हणंल? अप्पा म्हणाले, "पिकाची आंबील तू का म्हणून पिलास? आता ह्या सरीला काय देऊ?" आणि मला घरी पाठवलं, दुसरी बिंदगी आणायला.

सगळे चन्नबसप्पांकडं बघत होते. त्यांची मिशी हलली. मग पोट हलायला लागलं. "पळत गेला होता की गा," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना. "ओल्या अंगानं पळत गेला होता. आणि येताना अर्धी वाटंत पिऊनच आला." हनीफ गवतावर आडवा झाला. शांतलिंग डोळे पुसत होता. घटना घडली तेव्हा तोही तिथंच होता, पण ती एवढी हसण्यासारखी आहे हे त्याला आज कळलं. अजून बोल, तो म्हणाला. ज्वारीच्या माशीचं सांग. विरुपाक्षानं ज्वारीच्या माशीचं सांगितलं. शेजारच्या रानातली माणसं खरकट्या हातानं बांधावर येऊन उभी राहिली.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. एकट्या सारजाबाई त्याच्या डोळ्यांकडं बघत होत्या. लेक आपल्याकडं कधी बघतो ह्याची त्या वाट बघत होत्या. तो अप्पांकडं बघत नव्हता, हनीफकडंही नाही. सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडं, जिथं नुसता शाळू होता, तिथं बघून तो बोलत होता, हसत होता, भुवया उडवत होता. तिथं कुणी आपलं माणूस बसलंय आणि त्याला सगळं कळतंय, असा तो चेहरा होता. एवढा सुखी चेहरा सारजाबाईंनी ह्या पोराचा कधी बघितला नव्हता, त्याला अंगावर पाजताना सोडला तर. परभणीच्या वर्गात चाळीस पोरांपुढं फळ्यावर लिहिणारा विरुपाक्ष त्यांनी डोळ्यांपुढं आणून बघितला. तो चेहरा तिथं काही येईना.

द्वारकाबाईनं सासूकडं बघितलं. सारजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि त्या ते सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. रेडिओपुढं बसायच्या तेव्हा असंच करायच्या. तिनं ताटं गोळा करायला घेतली, अजून जेवणं संपायची होती तरी.

विरुपाक्ष खाली बसला तेव्हा घरातली बाजू पालटून गेली होती. शांतलिंगानं स्वतःच्या हातानं त्याला खीर वाढली. परभणीला असला माणूस कोंडून घालणं बरं न्हाय, असं तो हनीफला म्हणाला, आणि त्यात त्याची धास्ती किती आणि कौतुक किती हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. हनीफ म्हणाला, आज ना उद्या ही पेटी उमरग्याला येणारच, तेवढा धीर धरा. चन्नबसप्पांनी तर पान खात निकालच दिला, "माशा मारतोय म्हणत होते न्हवं? म्हणा म्हणावं आता. ह्याची जागा तिथंच हाय."

सकाळी सारजाबाईंच्या मागं सगळं घर होतं. जेवण उरकेपर्यंत त्या एकट्या उरल्या.

पण नेम अजून शिल्लक होता. एकट्या माणसानं मागितलं तरी नाही म्हणता येत नाही, हीच त्यातली गोम होती. चन्नबसप्पांना आत्ता कुठं आठवण झाली. बायकोच्या बाजूनं असल्याचं आपण वचन दिलंय हे आठवून ते जरा चपापले. खाकरून म्हणाले, "सारजा, तुला काय तर मागायचं होतं न्हवं?"

शांतलिंगाची नजर जमिनीला लागली. द्वारकाबाई ताटं तशीच धरून उभी राहिली. विरुपाक्षानं आईकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून सारजाबाईंना कळलं की त्याला आधीपासूनच सगळं ठाऊक आहे. तो काय म्हणणार हेही कळलं. ह्या पोरानं आजवर कधी नेम मोडला नव्हता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मागायचं होतं."

पदर बोटावरून सुटला. त्यांनी भज्जीचं भांडं पुढं ओढलं.

"आल्यापासून चिमणीगत जेवलाय. अजून एक उंडा खा म्हणावं. एवढंच मागणं."

विरुपाक्षानं ताट पुढं केलं. सारजाबाईंनी उंडा ठेवला, त्यावर भज्जी ओतली, आणि तो एकेक घास खाली बघून, कष्टानं गिळत, सगळं संपवेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

ऊन उतरलं तशी माणसं पांगली. हनीफ ट्रककडं गेला. चन्नबसप्पांना गाडीत बसवून शांतलिंग आणि द्वारकाबाई पुढं निघाले. सारजाबाई बिंदगी विसळायला विहिरीवर गेल्या आणि मागोमाग विरुपाक्ष गेला. त्यानं पोहरा ओढून दिला. पाणी ओतून झालं, बिंदगी विसळून झाली, तरी दोघं तिथंच बसून राहिले.

"अव्वा," तो म्हणाला, "तू मागितलं असतंस तर म्या आलो असतो."

"ठावं हाय. म्हणून तर मागितलं न्हाय."

त्यानं पोहऱ्याचा दोर गुंडाळून ठेवला. मग म्हणाला की दिल्लीला गाडीत बसल्यापासून तो भीत होता, अव्वा मागंल म्हणून. आणि पंगतीत तिनं मागितलं न्हाय तवा त्याला रडू आलं. "मागितलं असतंस तर सुटलो असतो, अव्वा. मग माजं मला ठरवावं लागलं नसतं. इथं आलो की बुधवार आठवतो. तिथं असलो की हे रान दिसत राहतं. कुठंच धड नसतो म्या."

सारजाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ रुंद झाली होती, ओळखू येईना. लहानपणी ह्या पाठीवर घामोळं उठायचं आणि त्या मुलतानी माती लावत बसायच्या. किती दिवसांनी हात लागला, असं त्यांच्या मनात आलं, आणि तो हात त्यांना काढवेना.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "मघा बोलताना तू कुणाकडं बघत होतास?"

विरुपाक्ष मोकळं हसला. ही गोष्ट तो कितीतरी दिवस आईला सांगायची म्हणून जपून ठेवून होता. टेलिव्हिजनच्या खोलीत समोर माणूस नसतो, तो म्हणाला. नुसती कॅमेऱ्याची काच असते. पहिल्या खेपेनंतर त्या काचेपुढं त्याची बोबडी वळली. तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, सगळ्या मुलखाशी बोलू नका, एक कुणीतरी आपलं माणूस समोर बसवा आणि त्याच्याशी बोला.

"म्या तुला बसवलं, अव्वा. तवापासून दर बुधवारी तू तिथं असतीस. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन. म्या बोलतो आणि तू निवडत निवडत ऐकतीस. मध्येच मान हलवतीस. तुला कळलं की समद्यांना कळलं असं समजतो म्या. तू हाईस म्हणून बोलता येतं मला. एकटं न्हाय वाटत."

सारजाबाईंचे डोळे भरून आले. त्यांना बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. दिल्लीत आपण दर बुधवारी जातो, आणि हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी पदरानं नाक पुसलं. तांबडं होत चाललेलं रान बघितलं, पुढं गेलेली गाडी बघितली, आणि मग लेकाच्या तोंडाकडं बघून, त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, नुसतं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हंजे तिथं तुज्यापाशी म्या हाय. मग इथं माज्यापाशी कोण हाय, बाबा?"

विरुपाक्षानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर काच नव्हती. खरी आई बसली होती, हात लावता येईल एवढ्या अंतरावर, आणि ती मान वर करून ऐकायला थांबली होती. त्यानं तोंड मिटलं आणि विसळून झालेली बिंदगी परत विसळायला घेतली.